माती ऐकायला शिकताना: मेटल डिटेक्टरचा ग्राउंड बॅलन्स हाताने कसा लावावा

मित्रहो, 1881 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं धातू शोधणारं यंत्र घेऊन गेले होते. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या गादीतल्या पोलादी तारा, हे त्या अपयशाचं एक कारण मानलं जातं. हवं ते धातू आणि नको ते धातू दोन्ही एकदम बोलायला लागले की यंत्राचं काय होतं, ते तिथे दिसलं. आपल्यासाठी जमीन ही तशीच गादी आहे.

काळ्या वाळूत मॅग्नेटाइट असतं, तांबड्या मातीत बहुधा मॅगहेमाइट. कॉइलमधून, म्हणजे यंत्राच्या खालच्या टोकाला असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, सुटलेल्या चुंबकीय क्षेत्राला ही लोहखनिजं उत्तर देतात, आणि जमिनीचं उत्तर नाण्याच्या उत्तरापेक्षा कितीतरी मोठं असू शकतं. सुदैवाने दोन्ही उत्तरं एकाच वेळी येत नाहीत. धातूत भोवरी प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, निर्माण होतात आणि त्याचं उत्तर किंचित मागे रेंगाळतं, खनिजाचं जवळजवळ तत्काळ येतं. या फरकाला फेज म्हणतात. ग्राउंड बॅलन्सचा नॉब फिरवताना आपण यंत्राला एवढंच सांगतो, की या फेजवर जे येईल ते माती समज आणि गप्प राहा.

आता प्रत्यक्ष कृती. फावडं दूर ठेवा, पायात लोखंडी टोकाचे बूट नकोत. यंत्र ऑल मेटलवर, म्हणजे कुठलाही धातू न गाळणाऱ्या मोडवर, घ्या आणि थ्रेशोल्ड, म्हणजे पाठीमागची ती बारीक गुणगुण, जेमतेम ऐकू येईल एवढी ठेवा. मग कॉइल आडवी फिरवून स्वच्छ जागा शोधा. ही पायरी लोक गाळतात. खाली खिळा असेल तर तुम्ही मातीला नाही, खिळ्याला बॅलन्स करत बसता, आणि मग पुढची सगळी जमीन विचित्र वाटते.

जागा मिळाली की कॉइल जमिनीला समांतर धरून वर-खाली करा, साधारण 25 सेंटीमीटरपासून 2-3 सेंटीमीटरपर्यंत. टेकवू नका. खाली येताना गुणगुण वाढली तर बॅलन्स पॉझिटिव्हकडे झुकलाय, दबली तर निगेटिव्हकडे. नॉब थोडा फिरवा, पुन्हा वर-खाली करा. कोणत्या दिशेला फिरवायचं ते तुमच्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत बघा. बऱ्याच जुन्या यंत्रांचा नॉब दहा वेढ्यांचा असतो, त्यामुळे अर्ध्या वेढ्याने काही जाणवलं नाही म्हणून घाबरू नका.

दोन्हीकडे आवाज सारखा राहिला की झालं. मी मात्र खाली येताना आवाज अगदी पुसटसा वाढेल इतपत पॉझिटिव्ह ठेवतो. निगेटिव्हकडे कललेलं यंत्र लहान, खोल वस्तू गिळतं, आणि कॉइल खड्ड्यावरून गेली की उगाच ओरडतं. अति पॉझिटिव्ह केलंत तर तेच उलटं, प्रत्येक उंचवटा बोलायला लागतो. पुढे शोधताना कॉइल आडवी फिरवता, त्या झोक्याच्या दोन्ही टोकांना आवाज येत असेल तर आधी हात तपासा: तिथे कॉइल वर उचलली जाते आहे आणि बॅलन्सही नीट नाही.

खरा धोका शांत यंत्रात आहे. डिस्क्रिमिनेशन मोडमध्ये, म्हणजे नको ते धातू गाळणाऱ्या मोडमध्ये, फिल्टर जमिनीचा आवाज दाबून टाकतात. बॅलन्स चुकलेला असला तरी कानाला काहीच खटकत नाही. यंत्र जिथवर पोचतं ती खोली मात्र कमी होते, वस्तू ओळखायला पडद्यावर दिसणारे आकडेही डळमळतात. दिवसभर रिकाम्या हाताने फिरावं आणि शेवटी जमिनीला नावं ठेवावीत, असं पुष्कळांचं होतं. म्हणून माती बदलली, ओलावा बदलला, सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) हलवली, की पुन्हा ऑल मेटलवर येऊन कॉइल वर-खाली करून बघा. बॅलन्सचा आकडा लक्षात ठेवून कालचाच आज लावणं मला पटत नाही.

तापट दगड, म्हणजे हॉट रॉक, धातू नसतानाही यंत्राला बोलायला लावतो, त्याचं कोडंही इथेच सुटतं. त्याच्यातलं खनिज आजूबाजूच्या मातीहून वेगळं असतं, म्हणून मातीला लावलेला बॅलन्स त्याला लागू पडत नाही. त्याच्यासाठी नॉब हलवायला जाऊ नका.

समुद्रकाठची खारट ओली वाळू वेगळीच. ती वीज वाहते, तिची फेज लोहखनिजापासून फार दूर. काही यंत्रांत बॅलन्सचा आकडा 0 ते 99 असतो, तिथे लोहखनिज वरच्या टोकाला आणि खारी वाळू खालच्या टोकाला येते. काळी वाळू आणि खारं पाणी एकत्र असेल तर एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र दोघांनाही गप्प करू शकत नाही. तिथे सेन्सिटिव्हिटी उतरवा, किंवा मल्टी-फ्रिक्वेन्सी (एकाहून अधिक फ्रिक्वेन्सींवर चालणारं) अथवा पल्स इंडक्शनचं (विजेचे छोटे झटके सोडणारं) यंत्र वापरा.

आणि ऑटोमॅटिक ट्रॅकिंग, म्हणजे यंत्राने स्वतःच सतत बॅलन्स लावत राहण्याची सोय, असताना हा खटाटोप कशाला, असं विचाराल. माती पावलोपावली बदलत असेल तर ट्रॅकिंग जरूर लावा. पण अंधुक सिग्नलवर पुन्हा पुन्हा कॉइल फिरवलीत, तर ट्रॅकिंग त्या वस्तूलाच माती समजून पुसून टाकू शकतं. अशा वेळी ट्रॅकिंग बंद करा, हातभर बाजूला सरकून स्वच्छ मातीवर हाताने बॅलन्स लावा, आणि मग त्या सिग्नलकडे वळा.