जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवायचंय? आधी चाकाजवळ हात नेऊन बघा

नमस्कार मंडळी. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, दादा गाडी पंधरा-वीस वर्षं जुनी आहे, अ‍ॅव्हरेज वाढवायला काय बसवू? तर हे 'काय बसवू' आधी बाजूला ठेवू, कारण जुन्या गाडीत बसवण्यापेक्षा काढण्यासारखंच जास्त असतं, आणि आज तेच बघणार आहोत.

पण आधी मोजा. टाकी फुल करा, नॉझल पहिल्यांदा कट झाला की थांबा, वरून गोल आकड्यासाठी थोडं अजून टाक वगैरे नको. ट्रिप मीटर शून्य करा, टाकी अर्ध्याखाली जाईपर्यंत चालवा आणि परत तसंच फुल करा. 400 किलोमीटर झाले आणि 32 लिटर बसलं तर साडेबारा. असं निदान तीन वेळा करा, एका टाकीचा आकडा काहीही सांगतो.

आणि अ‍ॅव्हरेज फारच घाण निघालं तर उलट बरंय. बघा, 18 ची गाडी 20 वर नेली तर 100 किलोमीटरला अर्ध्या लिटरहून जरा जास्त वाचतं, पण 10 ची गाडी 12 वर नेली तर जवळपास पावणेदोन लिटर. वाढ दोन्हीकडे दोनचीच.

आता चाकाकडे या. आठ-दहा किलोमीटर चालवून आणा, शेवटी ब्रेक जास्त न वापरता हळूहळू थांबवा, उतरा आणि चारही रिमजवळ हात न्या. टेकवू नका हां, भाजेल, नुसती धग बघा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथे ब्रेक चिकटतोय, कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना सुकल्यात नाहीतर हँडब्रेकची केबल पूर्ण सुटत नाहीये. माझ्या स्वतःच्या गाडीत मागचं डावं चाक असं कितीतरी महिने चिकटत होतं आणि मी आपला प्लग बदलतोय, फिल्टर बदलतोय. पिना साफ करून ग्रीस लावलं, अर्ध्या तासाचं काम! हवा पण बघा, टायर थंड असताना, दारापाशी स्टिकरवर लिहिलेली असते तेवढी.

मग इंजिनाचं तापमान. काटा नेहमी खालीच राहत असेल तर खूश होऊ नका. इंजिन साधारण 80-90 डिग्रीला नीट चालतं, ते थंड राहिलं की इंजेक्शनच्या गाडीचा कॉम्प्युटर समजतो गाडी आत्ताच चालू केलीय आणि जास्त पेट्रोल सोडत बसतो. बहुतेक वेळा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलेला असतो, किंवा गाडी कधीतरी तापली म्हणून कुणीतरी तो काढूनच फेकलेला असतो. नवीन टाका. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर पण तपासून घ्या, तो धुरातला ऑक्सिजन मोजून कॉम्प्युटरला सांगतो, 1 ग्रॅम पेट्रोलला 14.7 ग्रॅम हवा हे गणित त्याच्या जिवावर चालतं आणि म्हातारा झाला की तो सुस्तावतो.

कार्ब्युरेटरवाल्यांनी, म्हणजे इंजेक्शन नसलेल्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी, आधी चोक (थंड इंजिन चालू करताना हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडतोय का बघायचं. आणि एक गोष्ट जी फार कमी जण बघतात, डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला वेळेवर वीज वाटणारा भाग) बाजूला बशीसारखा एक डबा असतो ना, व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्स, त्याच्या आत रबराचा पडदा असतो. इंजिन बंद ठेवून डब्याला एक स्वच्छ नळी लावा, तोंडाने हवा ओढा आणि टोक जिभेने बंद करा. ओढ टिकली तर पडदा ठीक, सुटली तर फाटलाय. हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर मिश्रण सावकाश जळतं म्हणून ठिणगी लवकर पडावी लागते, ते काम हा पडदा करतो. तो फाटला की ठिणगी उशिरा आणि उष्णता सायलेन्सरमधून बाहेर. गाडी चालते मस्त, म्हणून कुणाला संशयच येत नाही.

आता हवा, म्हणजे बाहेरची. वेग 80 वरून 100 केला की हवेचा विरोध 56 टक्के वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून टपावरचं कॅरियर वापर नसेल तेव्हा काढून ठेवा. आणि हायवेला जास्त फिरणं असेल तर पुढच्या जाळीचा थोडा भाग आतून पट्टी लावून झाका, रेडिएटरमधून घुसणारी हवा पण गाडीला मागे ओढतच असते. पण काट्यावर नजर हवी, आणि उन्हात, चढाला, एसी लावून ट्रॅफिकमध्ये जायचं असेल तर पट्टी काढायची. ज्यांचा काटाच बंद आहे त्यांनी या फंदात पडू नका.

रुंद टायर टाकून अ‍ॅव्हरेज विचारणाऱ्यांना मी काय बोलू. आणि मोठ्या व्यासाचे टाकले तर मीटर किलोमीटर कमी मोजतं, म्हणजे आधीचा हिशोब पण गेला.

पेट्रोलच्या पाइपला लावायचे मॅग्नेट, पाण्यापासून गॅस बनवणारे किट, यात पडू नका. पाणी फोडायला वीज लागते, ती अल्टरनेटर देतो, त्याला इंजिन फिरवतं आणि इंजिन पेट्रोल खातं, प्रत्येक पायरीला थोडं वाया जातं मग फायदा येणार कुठून? अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने, अशी शंभरच्या वर उपकरणं तपासलीत, अ‍ॅव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही निघालं नाही.

उतारावर न्यूट्रल पण नको, इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजेक्टर बहुतेक वेळा पेट्रोल पूर्ण बंद करतात, न्यूट्रलला मात्र आयडलिंगचं लागतंच. शिवाय इंजिन ब्रेकिंग जातं ते वेगळंच.

आणि एका वेळी एकच बदल करा. जाळीला पट्टी लावली, मोजलं, काढली, परत मोजलं, आकडा परत खाली आला तरच ती पट्टीची कमाई. माझी पट्टी सध्या काढून डिकीत ठेवलीय, दुसरी टाकी चालू आहे.