काचेचा पहिला मणी: ज्योतीत पाच मिनिटं, भट्टीत रात्रभर

[टेबलावर एक निळा मणी, शेजारी त्याच रंगाची काचेची कांडी]

नमस्कार मंडळी. हा मणी बघा. निळा, गोल, वाटाण्याएवढा, मधून आरपार भोक. शेजारी ठेवलेली ही कांडी, हिच्यातूनच तो झालाय. असा मणी घरच्या जागेत कसा करायचा, काय काय लागतं, कुठे जपायचं, ते सगळं आज सांगणार आहे. पण एक गोष्ट मला तुमच्या गळी उतरवायचीच आहे, म्हणून आधीच सांगते. मणी ज्योतीत पाच मिनिटांत होतो. तो टिकणार की नाही, हे ठरतं थंड होताना. नवीन शिकणारे सगळा जीव ज्योतीत ओततात आणि थंड करण्याकडे काणाडोळा करतात. मग देखणा मणी दुसऱ्या दिवशी हातात घेतला की त्याला आडवी चीर. म्हणून आज शेवटच्या भागाला मी जास्त वेळ देणार आहे. तो भाग पुढे ढकलू नका.

काचेचे मणी मुख्यतः दोन तऱ्हेने होतात. एक ओढीव. मंगळसूत्रात असतात ना, ते बारीक काळे मणी या जातीचे. वितळलेल्या काचेतून लांबच लांब पोकळ नळी ओढायची, तिचे बारीक तुकडे पाडायचे, आणि पुन्हा उष्णता देऊन त्यांच्या कडा गोल करायच्या. आंध्र प्रदेशातल्या पापनायडूपेट गावात ही विद्या हाताने चालत आली आहे. तिथे पोकळ लोखंडी दांड्यावर काचेचा भला मोठा गोळा भट्टीत फिरत राहतो आणि बाहेर बसलेला कारागीर त्यातून नळी ओढत राहतो. हे एकट्यादुकट्याने घरी करायचं काम नाही.

दुसरा प्रकार गुंडाळीव. काचेची कांडी ज्योतीवर मऊ करायची आणि लेप दिलेल्या सळईवर गुंडाळायची. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलपूरला आणि वाराणसीला कारागिरांची घरंच्या घरं मण्यांच्या कामात आहेत. वाराणसीच्या काचमण्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. आपण हाच गुंडाळीव मणी शिकणार आहोत.

दोन्ही ओळखायचे कसे? थोडी पारदर्शक काच असलेला मणी भिंगाखाली धरा. आतले बुडबुडे आणि रेघा भोकाला समांतर, लांबट गेल्या असतील तर तो ओढीव. भोकाभोवती गोल फिरल्या असतील तर गुंडाळीव. पुरातत्त्वाचे अभ्यासक हीच खूण वापरतात. आपल्याकडे तेर, नेवासे, कोल्हापूरची ब्रह्मपुरी इथल्या उत्खननांत काचेचे मणी सापडले आहेत. तेरच्या संग्रहालयात गेलात तर मण्यांच्या कपाटापुढून घाईने पुढे जाऊ नका. मो. गं. दीक्षित यांनी अशा मण्यांचा बारकाईने अभ्यास केला, आणि भारतीय काचेच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने 1969 साली प्रसिद्ध केला. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. ज्या वस्तूला लोक किरकोळ समजत होते, तिच्याकडे त्यांनी इतकं नीट पाहिलं.

आता सामान.

[टेबलाचा पूर्ण दृश्य]

सगळ्यात आधी बर्नर. यालाच या कामात टॉर्च म्हणतात. सोनाराकडे असतो तसा हातात धरायचा टॉर्च इथे चालत नाही, कारण एका हातात कांडी, दुसऱ्या हातात सळई. टॉर्च टेबलाला घट्ट बसवलेलाच हवा आणि त्याचं तोंड तुमच्यापासून लांब. टॉर्चचे दोन प्रकार. एक फक्त गॅसवर चालतो, आजूबाजूची हवा खेचून घेतो. त्याची आंच कमी, काम सावकाश, पण शिकायला उत्तम. घाई होत नाही आणि हात बसतो. दुसरा गॅस अधिक ऑक्सिजनवर चालतो. त्याला 5 लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसुद्धा पुरतो. कोविडच्या काळात घेतलेलं असं यंत्र ओळखीत कुणाकडे पडून असेल तर विचारून बघा. मोठा ऑक्सिजन सिलिंडर वापरणार असाल तर त्याच्या नळ्यांना आणि जोडांना तेल, ग्रीस अजिबात लागू देऊ नका. दाबाखालच्या ऑक्सिजनपाशी तेल क्षणात पेट घेतं.

गॅसबद्दल स्पष्ट बोलते. स्वयंपाकघरातला 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर या कामाला जोडू नका. तो फक्त स्वयंपाकासाठी दिलेला असतो. बाजारात 5 किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, किंवा व्यावसायिक सिलिंडर घ्या. योग्य रेग्युलेटर लावा, आणि ज्योत उलट नळीत शिरू नये म्हणून मिळतो तो फ्लॅशबॅक अरेस्टर लावा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली जमिनीलगत साठतो. म्हणून तळघरात किंवा बंद खोलीत हे काम करायचं नाही. पेटवताना आधी गॅस, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग गॅस. हे टॉर्चशेजारच्या भिंतीवर लिहूनच ठेवा.

टेबलावर सिमेंट बोर्ड किंवा स्टीलची पत्रा-चादर, उघडा प्लायवूड नको. ज्योतीच्या मागच्या बाजूला एक्झॉस्ट पंखा आणि तुमच्या पाठीमागून ताजी हवा येईल अशी खिडकी, म्हणजे धूर तोंडासमोरून न जाता पुढे ओढला जातो. कपडे सुती. नायलॉनची ओढणी, सैल बाही, मोकळे केस, काही नको. अग्निशामक हाताच्या अंतरावर.

आणि चष्मा. काच तापली की तिच्यातल्या सोडियममुळे ज्योत झगझगीत पिवळी दिसते आणि मणी त्या उजेडात हरवूनच जातो. डिडिमियम काचेचा चष्मा नेमका तो पिवळा प्रकाश अडवतो. लावला की एकदम मणी दिसायला लागतो, त्याची कड, त्याचा रंग. साधा गॉगल घालून भागवू नका. त्याने सगळंच अंधारतं आणि तो पिवळा झगमगाट तसाच राहतो.

आता काच. प्रत्येक काच तापल्यावर प्रसरण पावते, पण सगळ्या सारख्या पावत नाहीत. कांड्यांच्या पाकिटावर एक आकडा असतो: 104, 96, 90, 33. एक अंश तापमान वाढलं की लांबी एक कोटी भागांमागे किती भाग वाढते, तो हा आकडा. इटलीत मुरानो भागात होणाऱ्या कांड्या 104 च्या, मऊ काच, लवकर वितळते, शिकायला सोयीची. 33 म्हणजे बोरोसिलिकेट, प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची काच. तिला पुष्कळ आंच लागते, ऑक्सिजनशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका. नियम एकच: एका मण्यात एकाच आकड्याच्या काचा. 104 वर 90 चा ठिपका दिलात तर करताना छान दिसेल. थंड होताना एक जास्त आकसेल, दुसरी कमी, आणि मधोमध फुटेल.

हमखास येणारा प्रश्न: घरातल्या वाढलेल्या बांगड्या वितळवून मणी करता येतील का? काच आहे, वितळेल. पण तिचा आकडा तुम्हाला माहीत नाही, आणि वरची सोनेरी नक्षी, चमकी हे बरेचदा वरून दिलेले थर असतात. ते जळतात, धूर करतात. हौसच असेल तर नक्षी नसलेल्या, एकाच बांगडीचे तुकडे वापरा, दुसरी काच त्यात मिसळू नका. शिकण्यासाठी मात्र ओळखीची, लेबल असलेली कांडी घ्या. एक पारदर्शक आणि एक-दोन अपारदर्शक रंग भरपूर झाले. सुरुवातीला हस्तिदंती आणि फिरोजी एकत्र घेऊ नका. एकातलं गंधक आणि दुसऱ्यातलं तांबं यांची प्रक्रिया होऊन दोघांच्या सीमेवर काळपट रेघ उमटते. काही जण ती मुद्दाम आणतात, आणि सुंदर दिसते, पण तो पुढचा धडा.

सळई स्टेनलेस स्टीलची, 2.4 मिलिमीटर जाडीची घ्या. तिचं टोक बीड रिलीजमध्ये बुडवायचं. चिनी माती, अ‍ॅल्युमिना अशा पदार्थांचा हा घट्टसर लेप असतो. तो वाळला की मणी सळईला चिकटत नाही. लेप एकसारखा हवा. जिथे तो उडालाय तिथे काच लोखंडाला अशी धरते की मणी सोडवताना फुटतोच.

[क्लोज-अप: ज्योत आणि दोन्ही हात]

आता करू या. कांडी उजव्या हातात, पेन धरतो तशी. थंड कांडी थेट ज्योतीत घालायची नाही, कपच्या उडतात. आधी ज्योतीच्या लांबच्या टोकाला, आत-बाहेर, आत-बाहेर. टोक लालसर झालं की हळूहळू आत आणा. बघा, टोक गोल व्हायला लागलं. कांडी फिरवत राहिलं की त्याचा गोळा जमतो. फिरवणं थांबलं की गोळा खाली लोंबतो. डाव्या हातातली सळई ज्योतीच्या थोडी खाली धरलीय, म्हणजे तीही तापतेय. लेपावर मंद लाली आली पाहिजे. थंड सळईवर काच नीट बसत नाही.

आता गोळा सळईला टेकवा आणि सळई तुमच्यापासून पलीकडे फिरवा. कांडी ओढायची नाही, ढकलायची नाही. सळई फिरते आणि काच आपणहून तिच्यावर येते. एक वेढा पूर्ण झाला. कांडी थोडी मागे घ्या, मध्ये बारीक तार उरते, ती ज्योतीत जाळून तोडा. आता सळईवर ओबडधोबड वळं आहे. घाबरू नका. ते ज्योतीत धरून फक्त फिरवा. एकसारखं, आडवं, न थांबता. वितळलेली काच स्वतःच गोल व्हायला बघते. तुमचं काम तिला सगळीकडून सारखी आंच देण्याचं आहे. मणी एका बाजूला लोंबला तर ती बाजू वर आणा, ती आपोआप खाली परत येते.

इथे थांबा आणि मण्याची टोकं बघा. भोकाजवळ काच आत वळून खळी पडली पाहिजे. टोक धारदार, पातळ राहिलं तर तो मणी ओवताना दोरा कापेल. तसं झालं म्हणजे काच कमी पडली. मधोमध आणखी एक वेढा द्या आणि पुन्हा गोल करा, कडा आपोआप आत ओढल्या जातात. मणी दुकानात विकत घेतानाही मी रंगाच्या आधी हीच जागा बघते.

ठिपके, फुलं, मासे यांच्याकडे लगेच वळू नका. असे साधे गोल मणी करत राहा, एकाच मापाचे एकामागून एक उतरेपर्यंत. सजावट चुकते ती बहुतेक वेळा खालचा मणी सारखा तापलेला नसल्यामुळे.

आता थंड करणं. काच बाहेरून आधी थंड होते. वरची साल कडक झाली तेव्हा आतला गाभा अजून मऊ असतो. मग गाभा आकसायला बघतो आणि कडक साल त्याला आकसू देत नाही. ही ओढाताण मण्यात कोंडून राहते. तो आज फुटेल, महिन्याने फुटेल, किंवा फरशीवर पडल्यावर फुटेल. उपाय म्हणजे अनीलिंग. मण्याला अशा तापमानाला ठेवायचं जिथे आकार बदलत नाही पण आतला ताण सुटतो, आणि मग सावकाश खाली आणायचं.

104 च्या काचेसाठी भट्टी सुमारे 510 ते 520 अंश सेल्सिअसला. मणी ज्योतीतून काढला की फिरवत राहा, लाली गेली की सळईसकट भट्टीत. लाली असताना टाकलात तर त्याला खड्डा पडेल. फार वेळ बाहेर ठेवलात तर तडकेल. दिवसभराचे मणी झाले की त्याच तापमानाला अर्धा ते एक तास, मग ताशी 50-60 अंशांनी सुमारे 370 पर्यंत, आणि नंतर भट्टी बंद. दार उघडायचं नाही, सकाळपर्यंत. बोरोसिलिकेटला हेच तापमान सुमारे 565.

भट्टी नसेल तर? कुंडीच्या मातीत घालतात तो व्हर्मिक्युलाइट तापवून त्यात मणी पुरतात, किंवा सिरॅमिक फायबरच्या दोन थरांत ठेवतात. त्याने थंड होणं लांबतं, एवढंच. ताण पूर्ण जात नाही. पण असे वाचलेले मणी नंतर भट्टीत घालून, थंड भट्टीपासून हळूहळू वर नेऊन, एकदम अनील करता येतात. त्यासाठी स्वतःची भट्टी लागत नाही. तुमच्या शहरात मातीकाम शिकवणारा स्टुडिओ असेल आणि त्यांच्या विजेच्या भट्टीला तापमानाचा कंट्रोलर असेल, तर त्यांना विचारा. महागडी कांडी घेण्याआधी मी ही सोय करायला सांगेन. आणि अनील न केलेला मणी कुणाला विकू नका, भेट देऊ नका.

सकाळी सळया पाण्यात भिजत घाला. लेप मऊ झाला की पक्कडने सळई धरून मणी पिळून काढा. भोक कानशीने साफ करायचं ते पाण्याखालीच. त्या लेपाची कोरडी पूड श्वासात जाणं फुप्फुसाला वाईट.

आता तपासणी, आणि हिला पैसे पडत नाहीत.

[लॅपटॉपचा पांढरा पडदा, पुढे मणी]

लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल घेऊन त्याची काच पडद्यापुढे फिरवा. एका कोनात पडदा काळा होतो. तिथेच थांबा आणि पारदर्शक मणी पडदा आणि गॉगल यांच्यामध्ये धरा. मण्यात ताण नसेल तर तो काळाच राहील. भोकाभोवती किंवा दोन रंगांच्या सीमेवर उजळ पट्टे दिसले, तर तिथे ताण आहे. एकाच रंगाच्या मण्यात तसं दिसलं तर तो पुन्हा भट्टीत घाला, या वेळी अनीलिंगच्या त्याच तापमानाला जास्त वेळ ठेवा. दोन रंगांच्या सीमेवरचा उजेड दुसऱ्यांदा अनील करूनही गेला नाही, तर त्या काचा एकमेकींच्या नाहीत. ती जोडी वहीत लिहून ठेवा आणि परत वापरू नका.

तुमच्या पहिल्या मण्याचे फोटो टाकाल तेव्हा भोकाच्या बाजूनेही एक काढा. टोकं बघूनच मला सांगता येईल काच कमी पडलीय की आंच. पुढच्या व्हिडिओत कांडीतून बारीक तार ओढून ठिपके कसे द्यायचे ते करू.