376 खुर्च्या आणि एक बंद केलेला रस्ता

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते रस्त्याबद्दल. खड्ड्यांबद्दल नाही हं, खड्ड्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत, मला बोलायचंय ते रस्त्याच्या आकाराबद्दल. तो किती रुंद आहे, कोपऱ्यावर कसा वळतो, पायी चालणाऱ्याला ओलांडताना किती मीटर अंगावर घ्यावे लागतात आणि सायकलवाल्याला तो मधेच कुठे वाऱ्यावर सोडून देतो, याबद्दल. कारण एखादा रस्ता उकरून नव्याने करायला घेतात ना, तो काही दर वर्षी होत नाही, एकदा झाला की वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि तिथून कोण सुखरूप घरी जाणार हे बरंचसं त्या नकाशाच्या कागदावरच ठरून जातं.

एक गोष्ट आधीच सांगते आणि मधेमधे परत सांगणार आहे, कारण रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही. गाडी चालवणारा माणूस पाटी बघून वेग ठरवत नाही, रस्ता बघून ठरवतो. रुंद, सरळ, मोकळा रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो, मग तिथे 30 ची पाटी असो नाहीतर 20 ची. तोच माणूस, तीच गाडी, अरुंद रस्त्यावर आली की शहाण्यासारखी चालते. म्हणून सगळी माणसं सुधारायची वाट बघत बसण्यापेक्षा रस्ता सुधारा, ते लवकर होतं.

आणि वेगाला मी एवढं धरून का बसलेय, तर त्याचा हिशोब ऐका. ताशी 50 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. समोर अचानक पोरगं आलं तर ते डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातोच, कितीही सराईत ड्रायव्हर असला तरी जातो. ताशी 30 ने येणारी गाडी या एका सेकंदासकट साधारण 13 मीटरमधे पूर्ण थांबते. 50 ने येणाऱ्या गाडीला तेवढ्या अंतरात अजून ब्रेक लागलेलाच नसतो. म्हणजे 13 मीटरवर जे पोरगं 30 च्या गाडीपुढे वाचलं असतं, त्यालाच दुसरी गाडी पूर्ण वेगाने धडकते. आणि वेग दीडपटीहून थोडाच जास्त असला तरी धडकेतली ऊर्जा पावणेतीन पट होते. पावणेतीन पट, लक्षात ठेवा.

आता ती गोष्ट, जी सांगायची संधी मी कधीच सोडत नाही. न्यूयॉर्कची आहे, 2009 सालची.

मॅनहॅटन म्हणून जो भाग आहे तिथले रस्ते चौकटीत आखलेत, उभे आणि आडवे, सगळं कसं सरळ. त्यात एकटा ब्रॉडवे तेवढा तिरका जातो. आता तिरका रस्ता सरळ रस्त्यांच्या जाळ्यातून गेला की काय होतं, जिथे दोनच रस्ते मिळायला हवेत तिथे तीन मिळतात. सिग्नलचा वेळ दोघांत वाटायचा तो तिघांत वाटावा लागतो, प्रत्येकाच्या वाट्याला हिरवा दिवा थोडाच येतो, सगळेच ताटकळतात, आणि ताटकळलेला ड्रायव्हर दिवा हिरवा झाला की कसा सुटतो ते तुम्हाला मी सांगायला नको. असाच एक गोंधळाचा चौक म्हणजे टाइम्स स्क्वेअर. फोटोत सगळ्यांनी पाहिलेला, दिव्यांच्या जाहिराती, गर्दी. तर तिथे येणाऱ्यांत पायी चालणारे कितीतरी जास्त, आणि जागा मात्र बहुतेक सगळी गाड्यांना दिलेली. फूटपाथवर माणसं मावायची नाहीत, मग ती खाली गाड्यांच्या मधून चालायची. आणि जखमी व्हायची.

शहराच्या वाहतूक खात्याच्या कमिशनर होत्या जेनेट सादिक-खान आणि महापौर होते मायकेल ब्लूमबर्ग. सादिक-खान बाईंनी काय सुचवलं, तर 42 व्या स्ट्रीटपासून 47 व्या स्ट्रीटपर्यंत ब्रॉडवे गाड्यांना बंदच करून टाकू. ब्रॉडवे बंद! आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधे महापौरपदाची निवडणूक. तुम्हीच विचार करा, निवडणुकीच्या वर्षात शहरातल्या सगळ्यात नाव असलेल्या रस्त्यावर गाड्या बंद करायला कुठला पुढारी हो म्हणेल? ब्लूमबर्ग हो म्हणाले. पण म्हणताना एक फार शहाणपणाची गोष्ट केली, काँक्रीट ओतायला घेतलंच नाही. आधी काही महिन्यांचा प्रयोग, आकडे मोजायचे, जमलं तर ठेवायचं, नाही जमलं तर अडथळे उचलून रस्ता पुन्हा चालू. बस.

दिवस ठरला 24 मे, रविवार. सुट्टीचा वीकेंड, गाड्या कमी. आणि मग ऐन वेळी अडचण आली, लोकांना बसायला म्हणून जे टेबल-खुर्च्या येणार होत्या त्या वेळेत येणारच नव्हत्या. आता एवढा मोठा रस्ता बंद करायचा आणि तिथे नुसतं रिकामं डांबर ठेवायचं? रिकामं डांबर बघितलं की दुसऱ्या दिवशी सगळे म्हणणार, बघा, कोणी फिरकत नाही, उगाच बंद केला. तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या प्रमुखाने काय केलं, सरळ एका हार्डवेअरच्या दुकानातून समुद्रकिनाऱ्यावर नेतात तसल्या घडीच्या स्वस्तातल्या रंगीबेरंगी खुर्च्या उचलून आणल्या. किती, तर 376! दहा-अकरा डॉलरला एक. तीनशे शहात्तर खुर्च्या, आणि त्या ब्रॉडवेच्या मधोमध मांडल्या.

रस्त्यात नारिंगी पिंपं सरकवून गाड्या थांबवल्या, आणि सादिक-खान बाईंनी नंतर सांगितलंय की ती पिंपं जागेवर आल्याबरोबर, म्हणजे अक्षरशः त्याच मिनिटाला, लोक रस्त्यावर उतरले. कोणी बोलावलं नव्हतं. बसले, पाय पसरले, फोटो काढायला लागले. मला हा क्षण फार आवडतो. इतकी वर्षं त्या माणसांना जागा हवी होती आणि मागितली कोणीच नव्हती, कारण मागता येते हेच कोणाला माहीत नव्हतं.

आणि पुढची गंमत बघा. सगळ्यांना वाटत होतं की दुसऱ्या दिवसापासून ब्रॉडवे बंद केल्यावरून आकाशपाताळ एक होणार. चर्चा झाली, जोरात झाली, पण कशावर, तर खुर्च्यांवर! खुर्च्या फारच साध्या आहेत, या जागेला शोभत नाहीत, किती तकलादू आहेत, असल्या कशा आणल्या. रस्ता बंद झाला ते बाजूलाच राहिलं. जो माणूस खुर्ची चांगली नाही म्हणतो ना, त्याने तिथे बसायचं हे मनातून मान्य केलेलं असतं. ऑगस्टमधे त्या खुर्च्या काढून धातूच्या नीट टेबल-खुर्च्या ठेवल्या, तोवर त्यांचं काम झालं होतं.

आकडे सांगते. गाडीत बसलेले जे लोक जखमी व्हायचे ते त्या भागात 63 टक्क्यांनी कमी झाले. पायी चालणारे जखमी व्हायचे ते 35 टक्क्यांनी कमी. रस्त्यात उतरून गाड्यांमधून चालणारे 80 टक्क्यांनी कमी. परत सांगते, गाडीतले जखमी 63 टक्के कमी, पायी चालणारे जखमी 35 टक्के कमी. म्हणजे ज्यांच्याकडून रस्ता काढून घेतला त्यांनाच जास्त फायदा झाला! आणि ट्रॅफिक? टॅक्सींमधे जीपीएस होतं, त्याच्यावरून मोजलं, उत्तरेकडे जाणाऱ्या टॅक्सी आधीपेक्षा 17 टक्के जोरात जायला लागल्या. खात्याने आधी जेवढी सुधारणा होईल म्हटलं होतं तेवढी सगळीकडे झाली नाही, हेही खरं, पण ज्या कोंडीची भीती घातली होती ती झाली नाही. कारण उघड आहे, चौकातला तिसरा रस्ता गेला, सिग्नल पुन्हा दोघांत वाटला गेला. फेब्रुवारी 2010 मधे महापौरांनी सांगून टाकलं की हे आता कायमचं. आणि मग, त्यानंतर, पक्कं बांधकाम सुरू झालं.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी रंग, पिंपं, कुंड्या, खुर्च्या. मग मोजणी. मग काँक्रीट. आपण बहुतेक ठिकाणी बघतो ते उलटं, आधी काँक्रीट, मग फीत कापणं, आणि मोजणी कोणीच करत नाही. मला तर वाटतं नव्या रस्त्याचा समारंभ पहिल्या दिवशी करूच नये, वर्षभराने करावा, किती माणसं कमी जखमी झाली तो आकडा स्टेजवर वाचून दाखवावा आणि मगच हारतुरे. आणि बाकं, बाकांना पाठ हवी हो. बिनपाठीच्या दगडी कट्ट्यावर सत्तरीचा माणूस किती वेळ बसेल?

असो. वेळ थोडा राहिलाय, बाकीचं भराभर सांगते.

कोपरे. चौकाचा कोपरा मोठा गोलाकार केला की गाडी वेग न कमी करता वळते, आणि वळते ती नेमकी रस्ता ओलांडणाऱ्याच्या अंगावर. कोपरा टोकदार केला की ड्रायव्हरला हळू व्हावंच लागतं. पुन्हा तेच, पाटी नाही, रस्ता वेग ठरवतो. दुसरं, कोपऱ्याला लागून गाडी उभी करू द्यायची नाही, कारण तिच्याआडून येणारं मूल दिसतच नाही. अमेरिकेत न्यू जर्सीमधे होबोकेन म्हणून साठेक हजार वस्तीचं दाटीचं गाव आहे, त्यांनी कोपऱ्यावरचं पार्किंग काढून तिथे खांब लावले, सायकल लावायची स्टँड लावली, बाकीही बऱ्याच लहान लहान गोष्टी केल्या, आणि जानेवारी 2017 नंतरची सात वर्षं तिथे रस्त्यावरच्या अपघातात एकही माणूस दगावला नाही. एकही नाही. नॉर्वेची राजधानी ऑस्लो तर कितीतरी मोठी, तिथे 2019 साली पायी चालणारा किंवा सायकलवाला एकही मेला नाही. त्यांनी वेग कमी केला, मधल्या भागातली सातशेच्या वर पार्किंगची जागा काढली, सायकलला रस्ता दिला. यात कुठेच कसलं नवं यंत्र नाही.

सायकलबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे, नुसता पांढरा पट्टा मारला म्हणजे सायकल ट्रॅक झाला नाही. पट्ट्यावर गाड्या उभ्या राहतात, सायकलवाला त्यांना वळसा घालून ट्रॅफिकमधे येतो, आणि उभ्या गाडीचं दार फाडकन उघडलं की संपलंच. मधे काहीतरी उभं हवं, कठडा, कुंड्या, नाहीतर चक्क पार्क केलेल्या गाड्या. याच न्यूयॉर्कमधे 2007 साली नाइन्थ ॲव्हेन्यूवर फूटपाथला लागून सायकल आणि तिच्या बाहेर पार्किंग असं केलं, म्हणजे उभ्या गाड्याच सायकलवाल्याची भिंत झाल्या, फक्त दार उघडायला मधे थोडी जागा सोडली. आणि ट्रॅक चौकाच्या आधी संपवू नका! नेमका धोका जिथे असतो तिथेच तो संपतो. चौकात कोपऱ्यावर छोटं बेट करून सायकलवाल्याला गाडीच्या थोडं पुढे थांबवलं, तर वळणाऱ्या ड्रायव्हरला तो समोर दिसतो, आरशात शोधावा लागत नाही.

पादचारी पुलाबद्दल विचाराल तर मला ते मुळीच पटत नाहीत. गाडीने सपाट जायचं आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाने चाळीस पायऱ्या चढायच्या? ज्यांनी चढायचं ती माणसं चढतच नाहीत, खालूनच धावतात, आणि मग दोष त्यांचा. ओलांडायचं ते जमिनीवरूनच, आणि जमलं तर झेब्रा क्रॉसिंगच फूटपाथच्या उंचीला आणा, गाडी चढेल-उतरेल, माणूस सरळ चालेल. आणि हो, रस्त्याने हे भाषण ऐकत चालला असाल तर एक कान मोकळा ठेवा.

तुमच्या भागातला रस्ता नव्याने करणार असं कानावर आलं तर नकाशा मागा, काम सुरू व्हायच्या आधी मागा. त्यात गाड्यांची लेन किती मीटरची ते बघा, शहरातल्या रस्त्यावर तीन मीटर पुष्कळ झाले, साडेतीन केली की वेग वाढतो. फूटपाथ प्रत्येक गेटपाशी खाली उतरतो की सलग जातो ते बघा. आणि ओलांडायचं अंतर बघा. पुष्कळ ठिकाणी सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरतात. चौदा मीटरचा रस्ता असेल तर बारा सेकंद. पण म्हातारं माणूस काठी घेऊन सेकंदाला 0.8 मीटर चाललं तर त्याला साडेसतरा सेकंद लागतात, म्हणजे ते मधेच असताना दिवा बदलतो. मधे उभं राहण्यापुरतं बेट करा, सात-सात मीटरचे दोन तुकडे होतात. नकाशात ते बेट नसेल तर तिथल्या तिथे विचारा, आणि उत्तर लेखी मागा. नमस्कार.