बैठक

(दृश्य: पावसात भिजलेलं लाकडी दार. खांद्याने रेटून ते बंद केलं जातंय.)

पावसाळा लागला की आपल्याकडे दारं फुगतात. उन्हाळ्यात बोटाने लोटलं तरी लागणारं दार जुलैत खांदा मागतं. सुतार येतो, रंधा मारतो, काम भागतं. रायफलचा लाकडी दस्ताही असाच हवेतलं पाणी पितो. पण तो फुगला की बिघडतो तो नेम.

1966 साली अमेरिकेच्या मरीन दलाने व्हिएतनामच्या युद्धासाठी रेमिंग्टन 700 ही बोल्ट-ॲक्शन रायफल निवडली, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा (बोल्ट) हाताने मागेपुढे सरकवायची रायफल. लष्करी नाव एम 40. दस्ता अक्रोडाचा, दिसायला देखणा. जंगलातल्या दमटपणात तो फुगला, वाकला आणि नळीला टेकू लागला. नेमबाज तोच, काडतूस तेच, पण काल लागली तिथे आज गोळी लागेना. अखेर 1970च्या दशकात या रायफलींना मॅकमिलन कंपनीचे फायबरग्लासचे दस्ते बसवले. एम 40 ए 1 म्हणतात ती हीच.

(दृश्य: नळी आणि दस्ता यांच्यामधून सरकत जाणारी कागदाची पट्टी.)

गोळी सुटताना नळी थरथरते. दर वेळी सारखीच थरथरली तर गोळ्या एका जागी पडतात. दस्ता कुठे टेकला, तर ती लय मोडते. म्हणून नळी मोकळी सोडायची आणि सगळा भार ॲक्शनच्या, म्हणजे नळीमागच्या ज्या धातूच्या भागात बोल्ट सरकतो त्याच्या, बैठकीवर घ्यायचा. माझ्या मते अचूकतेसाठी दुर्बिणीवर पैसे घालण्याआधी ही बैठक पाहावी.

बाजारातून आणलेला दस्ता रायफलच्या मापाचा म्हणून विकला जातो. पण प्रत्येक ॲक्शनचं अंग थोडं वेगळं असतं. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून कारागीर बोल्ट काढतो, ॲक्शन सुटी करतो. तिच्या बुडाला काजळी फासतो, खोबणीत हलकेच टेकवतो आणि उचलतो. जिथे काळा ठिपका उमटला, तिथेच ती अडतेय. तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा ठिपका. या कामात घाई केली की नको तिथलं लाकूड जातं, आणि गेलेलं लाकूड परत येत नाही.

स्क्रूच्या भोकांत ॲल्युमिनियमचे पिलर (छोटे पोकळ खांब) बसतात, म्हणजे आवळताना लाकूड दबत नाही. मग येतं बेडिंग, ॲक्शनची बैठक भरणारं, दोन भाग कालवून केलेलं आणि वाळून टणक होणारं एपॉक्सी.

(दृश्य: अगदी जवळून, नळीच्या मुळाशी खाली आलेली पोलादी जीभ.)

ही जीभ पाहा. हिला रिकॉइल लग म्हणतात. गोळी सुटतानाचा धक्का हीच दस्त्यात पोचवते. कारागीर तिच्या पुढच्या बाजूला, दोन्ही कडांना आणि तळाला चिकटपट्टी लावतो, मागची बाजू मात्र उघडी ठेवतो. पट्टी काढली की तिच्या जाडीएवढी फट उरते. जीभ फक्त मागे घट्ट टेकते, बाकी कुठे घासत नाही.

ॲक्शनवरची भोकं आणि खाचा मॉडेलिंगच्या मातीने बुजवायच्या. जिथे जिथे एपॉक्सी लागेल तिथे मेण चोळायचं, स्क्रूच्या आट्यांनाही. एक खाच राहिली, तर एपॉक्सी तिच्यात शिरून घट्ट होतं आणि रायफल दस्त्यातून निघतच नाही.

आधी जिभेच्या खोबणीत एपॉक्सी भरायचं, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग ॲक्शन सावकाश खाली दाबायची. कडेने राखाडी लगदा वर येतो, तो कापसाच्या काडीने पुसून घ्यायचा. स्क्रू आवळायचे नाहीत. आवळले तर ॲक्शन वाकलेल्या अवस्थेतच साचा घट्ट होईल आणि तो ताण तिच्यात कायमचा राहील.

एक रात्र जाऊ द्यायची. सकाळी हलकेच ठोकायचं. टक् असा आवाज होतो आणि ॲक्शन सुटते. खाली तिचा हुबेहूब ठसा, लोखंडावरची कानशीची रेघसुद्धा उमटलेली.

(दृश्य: नेमबाजीचं लक्ष्यपत्र.)

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्यपदक जिंकलं. तिथलं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर रुंद, जेमतेम करंगळीच्या नखाएवढं. त्या पॉइंट टू टूच्या, म्हणजे छोट्या काडतुसाच्या, रायफलचा धक्का किरकोळ, पण ॲक्शन हलता कामा नये हा नियम तिलाही सुटत नाही.

बैठक जमली का, हे बोट सांगतं. स्क्रू आवळलेले असताना नळी आणि दस्ता जिथे शेजारी येतात, तिथे दोन्हींना लागेल असं बोटाचं टोक ठेवायचं आणि पुढचा स्क्रू सैल करायचा. नळी उसळली, तर खाली ताण आहे, एपॉक्सी खरवडून पुन्हा भरा. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावलं, तर काटा 0.002 इंचाच्या आत राहायला हवा.

(दृश्य: बोटाचं टोक, नळीची कड. स्क्रू फिरतो.)

सैल केला. बोटाला काहीच जाणवलं नाही.