जड आवाजाची पारख

विसर्जनाच्या रात्री बेळगावच्या रस्त्यावर डॉल्बी लागला की दुकानांची शटरं थरथरतात. एवढ्या दणदणाटात वाढलेल्या माणसाला डेथ मेटलचा, म्हणजे गुरगुरत्या गळ्याच्या जड रॉक संगीताचा, त्रास होऊ नये खरं तर. पण होतो. डॉल्बीवर नाचता येतं. इथं ठेका सापडायच्या आधीच निम्मे लोक उठून जातात.

जे बसून राहिले, त्यांतला एक टिळकवाडीत माडीवर राहतो. दिवसा उद्यमबागेत सीएनसी मशीन चालवतो आणि रात्री कुठल्या कुठल्या देशांतल्या छोट्या बँडांचे नवे अल्बम ऐकून मराठीत परीक्षणं रेकॉर्ड करतो. खालून हाक येते, "आवाज कमी कर की रे, काकू झोपल्यात!" तो हेडफोन चढवतो.

त्याची पहिली चाळणी ड्रमची. ब्लास्ट बीट म्हणजे स्नेअर हा खणखणीत ड्रम आणि बेस हा घुमणारा ड्रम यांचा अखंड मारा. आजकाल बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये ड्रमचा मूळ आवाज काढून तिथं तयार नमुना बसवतात, म्हणून प्रत्येक ठोका तंतोतंत सारखा येतो. मशीनचं बेअरिंग बिघडलं की नुसत्या आवाजावरून ओळखणारा कान आहे हा. बनवाबनवी लगेच कळते. "माणूस वाजवालाय म्हटल्यावर हात थोडा तरी थकणार की," तो म्हणतो.

दुसरी चाळणी गिटारची, आणि इथं तो चिडतो. बॉस या जपानी कंपनीचं एचएम-२ हे गिटारचा आवाज खरखरीत करणारं पेडल १९८३ मध्ये आलं आणि १९९१ च्या सुमारास बंदही झालं. मधल्या काळात स्टॉकहोमच्या पोरांनी त्याची सगळी बटणं शेवटपर्यंत पिळली. सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्गनं रेकॉर्ड केलेला एन्टूम्ड या बँडचा 'लेफ्ट हँड पाथ' हा अल्बम १९९० चा. करवतीसारखा तो आवाज तिथून जगभर गेला. २०२१ मध्ये कंपनीनं पेडल नव्या रूपात परत आणलं. आता जो तो तोच आवाज काढतो. "पेडल विकत मिळतंय, रिफ कुठं मिळतीय?" (रिफ म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून.) एका नव्या अल्बमवर त्याचं अख्खं परीक्षण एवढंच होतं.

मग त्याला आवडतं तरी काय? डेन्व्हरच्या स्पेक्ट्रल व्हॉइस या बँडचा २०२४ चा 'स्पारॅग्मोस'. चारच गाणी, सुमारे पाऊण तास. वेग येतो, पण लांबलचक संथ भागांनंतर, म्हणून तो अंगावर येतो. न्यूझीलंडच्या अल्सरेटचा त्याच वर्षीचा अल्बमही. माणसं तिघंच, आणि मिक्सिंग, म्हणजे वाद्यांचे आवाज एकमेकांत जुळवणं, ड्रमर स्वतः करतो. एवढ्या गर्दीतही प्रत्येक वाद्य आपापल्या जागी ऐकू येतं. आवाज मोठा करायला बटण पुरतं. जड करायला मधे जागा सोडावी लागते, हे त्याचं म्हणणं आम्हाला पटलं.

गायकीच्या बाबतीत मात्र तो अन्याय करतो, असं आमचं मत. "गुरगुरणं सगळ्यांचं सारखंच," म्हणून तो पुढं सरकतो. ते गुरगुरणं बरेचदा खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वर असलेल्या घड्यांतून काढतात. त्यासाठी वर्षानुवर्षं श्वासाचा रियाज लागतो, नाहीतर घसा बसतो. मुंबईच्या गटस्लिट या बँडचा २०१७ चा 'अँप्युथिएटर' ऐकताना तर गळ्याकडं दुर्लक्ष करणं शक्यच नाही. सुसाट जाता जाता गाणं खाडकन संथ होतं आणि तो आवाज तळाला जातो. आमचा हा वाद कॅमेरा बंद झाल्यावरही चालू होता.

तारे, गुण वगैरे तो देत नाही. निकाल तीनच: विकत घ्या, मित्राकडून ऐका, सोडून द्या. बँडनं फुकट पाठवलेल्या अल्बमलाही हाच नियम. त्यामुळं हल्ली फुकट पाठवणारे कमी झालेत.