‘आपण’ का ‘आम्ही’? भाषा आपल्या डोक्यात काय करून राहिली

नमस्कार मंडळी! आज मटणापासून सुरू करतो, रागावू नका, विषय भाषेचाच आहे.

मागच्या महिन्यात मी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकला, ‘संडे को हम लोग सावजी जा रहे’. आता नागपुरात मराठी कुठं संपते अन् हिंदी कुठं सुरू होते हे बोलणाऱ्यालाही कळत नाही. जायचं होतं आम्हा चौघांचं, सावजी हॉटेलात मटण पण चौघांच्याच हिशोबानं सांगून ठेवलेलं, आणि रविवारी पाहतो तर पाचवा मित्र दारात हजर, सोबत त्याचा साळा. म्हटलं, तू काहून आला बे? तर म्हणे, तूच तर लिहिलं ना ‘हम लोग’! मग काय, सहा जण, तर्री भरपूर, पीस मोजके.

चूक त्याची नव्हतीच. हिंदीतल्या ‘हम’मध्ये समोरचा आहे का नाही हे सांगावंच लागत नाही. मराठीत लिहिलं असतं तर टाइप करतानाच अडलो असतो, ‘आम्ही चाललो’ का ‘आपण जाऊ’, म्हणजे तू यात आहेस का नाहीस. हा भेद गुजरातीत आहे, तेलुगू-तमिळमध्ये पण आहे, आणि आपल्याकडे तो द्रविड भाषांच्या शेजारामुळे आला असावा असं बरेच अभ्यासक मानतात.

आता हिंदीवाल्याला हा फरक समजत नाही का? चांगला समजतो. फक्त त्याची भाषा दर वेळी तो बोलायला लावत नाही. रोमन याकोबसन नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं १९५९ साली हेच मांडलं, की भाषांमधला खरा फरक काय बोलता येतं यात नाही, काय बोलावंच लागतं यात आहे. माझ्या मते या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, बाकी नेटवर ते ‘शब्द नाही तर विचारच नाही’ फिरून राहिलं ना, ते सोडा. ‘खरकटं’ला इंग्रजीत नेमका शब्द नाही, म्हणून इंग्रज माणसाला सांगितलं तर कळणार नाही का? दोन मिनिटात कळेल. पण जेवता जेवता मी त्याच हातानं लोणच्याच्या बरणीकडे वळलो की माझी आई गॅसकडे तोंड करून उभी असली तरी ओरडते, ‘खरकटा हात!’ तो अलार्म इंग्रज माणसाच्या डोक्यात बसवलेला नसतो, एवढंच.

‘भाषाच विचार ठरवते’ हे प्रकरण गाजलं ते बेंजामिन ली व्होर्फमुळे. मजेदार माणूस, शिकला केमिकल इंजिनिअरिंग, नोकरी आगीच्या विमा कंपनीत, अन् नाद भाषांचा. त्यानं पाहिलं की पेट्रोलच्या भरलेल्या ड्रमजवळ लोक सांभाळून वागतात, पण ड्रम ‘रिकामे’ म्हटले की बिनधास्त सिगारेट ओढतात, आणि आत असते वाफ, ती तर जास्त डेंजर. उदाहरण झकास. पण मग तो म्हणाला की अमेरिकेतल्या होपी लोकांच्या भाषेत काळाचे शब्दच नाहीत, आणि तिथं गाडी घसरली. १९८३ मध्ये एकेहार्ट मालोत्कीनं होपीतल्या काळावरच सहाशेच्या वर पानांचं पुस्तक काढलं!

मग भाषेचा परिणाम होतच नाही का? होतो, पण बारीक. रशियनमध्ये फिका निळा ‘गलुबोय’ आणि गडद निळा ‘सिनी’, दोघांना मिळून रोजच्या वापरातला एक शब्द नाही. २००७ मध्ये एक प्रयोग छापून आला, त्यात एक छटा इकडची अन् एक तिकडची असली की रशियन लोक ती जास्त पटकन वेगळी काढायचे, इंग्रजीवाल्यांचं तसं नव्हतं. आणि गंमत म्हणजे त्याच वेळी मनात आकडे घोकायला लावले की रशियन लोकांचा हा फायदा गायब! म्हणजे आतून शब्द मदत करून राहिला होता, त्याला दुसऱ्या कामाला लावलं की संपलं.

मला सगळ्यात आवडतं ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचं पोर्मपुरॉ गाव. तिथल्या कूक थायोरे भाषेत डावं-उजवं फारसं चालत नाही, सगळं दिशांवर. त्या लोकांना एकाच माणसाचे तरुण ते म्हातारा असे फोटो क्रमानं लावायला दिले तर त्यांनी लावले पूर्वेकडून पश्चिमेकडे. दक्षिणेला तोंड असलं तर डावीकडून उजवीकडे, उत्तरेला असलं तर बरोब्बर उलटं. अन् उत्तर कुठं हे कोणी सांगितलेलं नाही.

आणि आमचं पाहा. नागपुरात रस्त्यांची नावंच वेस्ट हायकोर्ट रोड, नॉर्थ अंबाझरी रोड, मेट्रोची एक लाइन उत्तर-दक्षिण, दुसरी पूर्व-पश्चिम, दोन्ही सीताबर्डीला भेटतात, आणि मी त्याच सीताबर्डी स्टेशनातून बाहेर आलो की फोन हातात धरून गोल फिरतो. माझी आजी खेड्यातली, ती घरात म्हणायची, ‘उगवतीकडचा डबा दे रे’. तिची भाषा मराठी, माझीही मराठीच. मग फरक भाषेचा का तिच्या वावराचा, उन्हाचा? मला तर वाटते सवय आधी आली, शब्द मागून, अन् मग शब्दानं सवय धरून ठेवली, पण माझ्यापर्यंत यायच्या आत ती साखळी तुटली.

बरं, तो मित्र. आता ग्रुपवर कोणीही ‘हम लोग’ लिहिलं की त्याचा लगेच रिप्लाय येतो, ‘आपण का आम्ही?’ काल मी फुटाळा तलावावर जायचं टाकलं तर परत तेच. मेसेजवर निळ्या टिका येऊन गेल्या, मी अजून उत्तर दिलं नाही.