तीन आठवडे थांबायला लावणारी टेस्ट

बसा, सुरू करूया. आज बोलायचंय ते एनसीव्ही आणि ईएमजीबद्दल, लोकांच्या तोंडी करंटची टेस्ट आणि सुईची टेस्ट. आधी एक गोंधळ काढून टाकू. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो, त्यामुळे 'नस दबलीय' म्हटलं की लोकांना वाटतं रक्त अडलंय, आणि मग चोळत बसतात. इथे नस म्हणजे मज्जातंतू. त्यातनं जातो तो संदेश, आणि तो विजेच्या रूपात जातो म्हणून तर बाहेरून हलका करंट देऊन आपल्याला तो तपासता येतो.

पूर्वी योहानेस म्यूलरसारख्या मोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटायचं की या संदेशाचा वेग मोजणं माणसाला जमणारच नाही. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या नसेवर तो मोजून दाखवला, सेकंदाला साधारण २७ मीटर. आज आपण तेच करतो, फक्त माणसाच्या हातावर. अंगठ्याच्या बुडाशी तळहाताचा जो मांसल उंचवटा असतो ना, तिथे इलेक्ट्रोड चिकटवायचा, मनगटाशी करंट द्यायचा, अंगठा टुणकन उडतो, स्क्रीनवर लाट येते. मग कोपरापाशी करंट द्यायचा, तीच लाट थोडी उशिरा येते. समजा दोन जागांमधलं अंतर टेपने २२० मिलिमीटर भरलं आणि लाटेला ४ मिलिसेकंद जास्त लागले, तर वेग झाला सेकंदाला ५५ मीटर. हातात ५० च्या वर आणि पायात ४० च्या वर असला की मोठ्या माणसात साधारण ठीक समजतात.

पण नुसत्या वेगाकडे बघून भागत नाही, लाटेची उंचीही बघायची. नसेवर वायरच्या प्लास्टिकसारखं वेष्टन असतं, ते खराब झालं की संदेश रेंगाळतो, वेग पडतो. आतले तंतूच मेले तर उरलेले बऱ्यापैकी वेगात धावतात पण लाट बुटकी होते. या दोन गोष्टी वेगळ्या, त्यांची कारणं वेगळी आणि बरं व्हायला लागणारा वेळही वेगळा, म्हणून 'नस कमजोर आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, काय बिघडलंय ते डॉक्टरांना विचारा.

आता हात गार असण्याबद्दल, आणि हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय. शिकत असताना एका बाईंची टेस्ट मी करत होतो, सगळ्या नसा मंद येत होत्या आणि मी जवळजवळ न्यूरोपॅथी, म्हणजे नसांचा आजार, असं लिहिणार होतो, तेवढ्यात सर आले, स्क्रीनकडे बघितलंच नाही, आधी बाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, अरे हा बर्फासारखा आहे. हात गरम केला, परत मोजलं, सगळं नॉर्मल. तापमान एक डिग्री उतरलं की वेग सेकंदाला दोनेक मीटरने घटतो. शिवाय गार हातात लाट उलट उंच होते, ती खूण त्या दिवशी माझ्या नजरेतनं सुटली होती. म्हणून हातपाय गार असतील तर करणाऱ्याला सांगा, संकोच करू नका.

दुसरी गोष्ट वेळेची. जखमेने नस तुटली आणि दोन दिवसांत टेस्ट केली, तर तुटलेल्या जागेच्या खालचा तुकडा करंट दिला की अजून चांगलं उत्तर देत असतो! स्नायूची लाट पडायला आठवडाभर लागतो, संवेदना नेणाऱ्या नसेवर घेतलेली लाट त्याहून थोडी उशिरा पडते, आणि सुईत दिसणाऱ्या खुणा उमटायला दोन-तीन आठवडे. घाईत काढलेला रिपोर्ट खोटी आशा दाखवतो.

सुईची भीती सगळ्यांना असते, दुखतं थोडं, खोटं सांगणार नाही. पण तिच्यातनं करंट देत नाहीत, सुई फक्त ऐकते. स्नायू सैल सोडला की निरोगी स्नायू गप्प बसतो, स्पीकरमधनं काही येत नाही. नस तुटलेला स्नायू मात्र आपणहून टपटप आवाज करतो, पत्र्यावर पाऊस पडावा तसा. तो एकदा ऐकला की विसरत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, पेसमेकर असेल तर आधीच सांगा, आणि त्या दिवशी अंगाला तेल-क्रीम लावू नका. उपाशी राहायची गरज नाही.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. पेशंट म्हणतो पाय बधीर आहे, टेस्टमध्ये संवेदनेची लाट एकदम छान, आणि घरचे म्हणतात याला काही झालेलं नाही. थांबा. संवेदनेच्या नसेची मूळ पेशी मणक्याजवळच्या एका गाठीत असते, डिस्क, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, दाबते ती बहुतेक त्या गाठीच्याही आत, मणक्याच्या बाजूला. म्हणजे गाठीपासून पायापर्यंतचा तंतू जिवंतच आहे, लाट येणारच, पण संदेश वर पोचत नाही. तेव्हा ती चांगली लाटच दाखवते की बिघाड मणक्यापाशी असू शकतो, आणि मग सुई लावून मणक्यातनं निघणारं नसेचं कुठलं मूळ दबलंय ते शोधतात. तसंच तळपायांची आग होते, रात्रभर झोप नाही आणि करंटची टेस्ट नॉर्मल, असंही होतं, कारण या टेस्टला फक्त जाड, जलद तंतू दिसतात, आग नेणारे बारीक तंतू दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी त्वचेचा बारीकसा तुकडा काढून त्यातले तंतू मोजायची वेगळी तपासणी असते, अशा वेळी डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.